नाव बुडवण्याची रीत

दुपारी सुरतेहून हिलालचा फोन.
खात्यातले साचे बंद केलेत म्हणाला,
पत्र्याची दारं तारेनं आवळलीत,
"इकडे उनं का तिकडे बी ई.
नावनं काय करं?"
मग पोरांचं विचारलं.
माझं विचारण्याआधी फोन गेला.

तापी आमच्याकडून सुरतेला जाते.
पगार तिकडून इकडे येतो,
लग्नातल्या साड्या येतात,
आता वादळ.
नदीनं वाट दाखवून ठेवलीय सगळ्यांना.

सकाळी कोतवाल भोंगा घेऊन फिरला:
बॅरेजचे दरवाजे उघडतील, कुणी नदीत उतरू नये.
सुपडूबाबा ओट्यावर दात कोरत होते.
उतरू नये म्हणे,
मग नाव काय पाय लावून घरी येईल?

ज्वारीची कोठी चार विटांवर चढवली.
बिबड्यांचा डबा सर्वांत वर,
तरी दोनदा उघडला, दोनदा मूठभर उतरला;
पोरांना वादळ म्हणजे आखाजीच वाटते.
पत्र्यांवर दगड, दगडांवर सायकलचे टायर,
धाकट्यानं त्यावर आपली चप्पल ठेवली.
राहू दिली. तेवढंच वजन.
रेशनकार्ड, आधार, सासूचा एकुलता एक फोटो
दुधाच्या पिशवीत, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत,
आणि ती माझ्या पोलक्यात.
कोंबड्या मोरीत. शेळी घरात,
ती माझ्या उशीकडे बघतेय.
पिठाच्या गिरणीवर आज दळण कमी,
चार्जिंगला लावलेले फोन जास्त.

नाव राहिली होती.

सागाची आहे, माझ्या लग्नाच्या आधीची.
नाकावर हळदीचे पाच ठिपके,
दर आखाजीला जुन्यांवर नवे.
वर ओढली तर वारा तिला उचलेल,
खुंट्याला बांधली तर रात्रभर काठावर डोकं आपटेल.
बाबा पाण्याकडं बघत म्हणाले,
"तिले बुडाई टाकू."

गोमाईच्या तोंडाशी, जिथं पाणी थबकून असतं,
तिथं नेली.
वल्ही काढली, जाळी काढली,
मागच्या बाकाखाली हिलालची तंबाखूची डबी निघाली,
ती मी बाबांना दाखवली नाही.
मग दगड भरले. काठावरचे संपले
तेव्हा मी माझा धुण्याचा दगडही दिला.
बाबांनी तळाचं बूच काढलं.
पाणी आत आलं,
म्हातारं माणूस गूळ चोखतं तशा आवाजानं,
सावकाश.
ती उगाच हलली नाही,
म्हैस बसते तशी बसत गेली.
कडा गेल्या.
पाच ठिपके शेवटी.

मी "नको" म्हणाले,
बहुतेक मोठ्यानं.

दोर बाभळीला बांधला, दुहेरी गाठ,
खूण म्हणून रिकामी पाण्याची बाटली.
परतताना मी विचारलं,
बाबा, अशी बुडवलेली नाव वर येते ना?
म्हणाले, माझ्या बापानं बुडवली होती एकदा.
काढली मग?
ते गवतावर पाय पुसत राहिले,
एक पाय, मग दुसरा,
मग पुन्हा पहिला.

आता आठ वाजलेत.
लिंबाचं पान हलत नाही,
कुत्री कुठंतरी निघून गेलीत.
पश्चिमेकडं आभाळ तव्याच्या पाठीसारखं.
पोरं खाटेखाली झोपलीत, हट्टानं.
बाबा जागे आहेत, दाराशी,
मांडीवर दोन्ही वल्ही घेऊन.

हिलालला कळवायचंय. रेंज येते, जाते.
मी वाक्य जुळवून ठेवलंय:
नाव सुखरूप आहे, आम्ही ती बुडवली.
याच क्रमानं सांगायचं, एका दमात.
उलट सांगितलं
आणि मध्येच फोन तुटला,
तर तो रात्रीच निघेल सुरतेहून,
वादळाच्या पुढं.