कपांच्या बुडाचे आकडे

सभेत ठरलं तेव्हा सोपं वाटलं होतं.
प्लास्टिक नाही, जनरेटर नाही,
आणि ज्याने त्याने आपला पेला घरून आणायचा.
आमच्या बेटावर माणसं तीनशे दहा,
मेंढ्या विचारू नका.
भांडी धुवायचं काम माझ्याकडे आलं,
कारण त्या दिवशी मी सभेला उशिरा पोचलो.

काल्युने बार्लीला मोड आणले,
सॉनाच्या फळ्यांवर पसरून वाळवले,
आणि तीन रात्री तिथेच झोपला,
तान्ह्या बाळाशेजारी झोपावं तसा, एका कुशीवर.
लाकडी पिंपाच्या तळाशी ज्युनिपरच्या फांद्यांची जाळी.
तिच्यातून गढूळ, पिवळी, रानाचा वास लागलेली धार
ठिबकू लागली
तेव्हा वाम्बोलाने टोपी काढली
आणि परत घातली.

चोथा हिल्याने नेला.
अर्ध्याचे पाव झाले, काळे, जड.
उरलेला मेंढ्यांना.
दोन दिवस त्या हाका मारल्या तरी वळत नव्हत्या.

मग दुसऱ्या फेरीच्या बोटीतून ऐंशी माणसं उतरली
रिकाम्या हातांनी.
ताल्लिनकडची, हसतमुख, तहानलेली.
पाटी वाचून एकमेकांकडे बघत राहिली.
वाम्बोला माझ्या कानाशी येऊन म्हणाला,
ट्रॅक्टरच्या मागे कागदी कपांचं एक खोकं आहे,
असावं हाताशी म्हणून आणलं होतं.
हिल्याने ऐकलं.
पाव कापायची सुरी तिने खाली ठेवली नाही.
पुढे नवरा-बायकोत जे झालं
ते दांडीवर टांगलेल्या धुरकट माशांनीसुद्धा ऐकलं असेल.

या सगळ्यात उर्वे कुठे गेली, कुणी पाहिलं नाही.
परतली ती हातगाडी ढकलत,
आणि हातगाडी किणकिणत होती.

जाड पांढरे कप, काठाला निळी रेघ.
मासळीच्या कारखान्यातल्या कँटीनचे.
कारखाना बंद पडून तीस वर्षं झाली.
किल्ल्या द्या म्हणाले, तिने दिल्या.
हिशेबाच्या वह्या द्या म्हणाले, दिल्या.
कपांचं कुणी विचारलंच नाही.
दोनशे बारा, गवताच्या माळ्यावर,
वर्तमानपत्रात गुंडाळलेले,
प्रत्येकाच्या बुडाला लाल रंगात आकडा.

मी धुवायला घेतले तशा
बाया एकेक करून टबाभोवती जमल्या.
माझा अठ्ठ्याऐंशी.
माझा एकशेचार, त्याचा कान मीच फोडला होता.
लाइनेने साबणाच्या पाण्यात कोपरापर्यंत हात घालून
एकोणीस शोधला.
तो तिचा नव्हता. कुणाचा, ते तिने सांगितलं नाही.
पालथा धरून निथळू दिला,
मग भरून घेऊन धक्क्याकडे एकटीच गेली.

पाहुण्यांना उरलेले आकडे मिळाले.
एका मुलीने विचारलं, हा लॉटरीचा नंबर आहे का?
काल्यु म्हणाला, हो, आणि तुला लागली.

दिवे लावावेच लागले नाहीत.
जूनमध्ये इकडे रात्र दारातूनच डोकावते
आणि चपला न काढता परत जाते.

सकाळी कचऱ्याची एकच गोणी निघाली.
कारखान्याच्या जुन्या काट्यावर तोलली: तीन किलो चारशे.
त्यात मोठा वाटा त्या कागदी कपांचा,
हिल्याने पायाखाली चुरडलेल्या.

उर्वे कप मोजत बसली.
दोनशे अकरा.
पुन्हा मोजले. दोनशे अकरा.
एकसष्ट नव्हता.
गवतात पाहिलं, पिंपामागे पाहिलं,
मेंढ्यांच्या पायांतसुद्धा पाहिलं.

आठची बोट लागली.
तिकिटं फाडणारा पोरगा कठड्याला टेकून कॉफी पीत होता.
शेवटच्या घोटासाठी त्याने कप उंच केला
आणि बुडाचा लाल आकडा
आम्हा दोघांना स्वच्छ दिसला.
मी तोंड उघडलं.
उर्वेने मला कोपराने ढोसलं.
वहीत तिने लिहिलं: एकसष्ट, बोटीवर.
आणि पुढच्या रकान्यात, कारखान्यात लिहायची तसंच:
वापरात.