पाठीवरची एक जागा

ब्लूबेरीची बादली पायरीवर ठेवली
आणि कपडे उंबऱ्यातच उतरवले.
जुलैत हीयूमा बेटावर असंच घरात शिरतात:
आधी मोजे, मग पँट, मग माणूस.
गुडघ्यांमागे पाहिलं, काखेत पाहिलं,
कानांमागून केसांत बोटं फिरवली,
बेंबीसुद्धा सोडली नाही.
एक गोचीड मांडीवर चालत होता, अजून जागा शोधत.
तो चुलीत गेला.

दुसरा बसून झाला होता.
दोन खांद्यांच्या मधे, जरासा डावीकडे,
जिथे माझा उजवा हात पोचत नाही
आणि डावा हल्ली वर जायला नाही म्हणतो.
बोटाच्या टोकाला तेवढा लागला,
तिळाएवढा.
पण काल तिथे तीळ नव्हता.

एक आरसा हातात, एक भिंतीवर,
दोघांनी मिळून दाखवली मला माझी पाठ.
आईची होती.

एन्देल होता तोवर ही जागा त्याच्याकडे होती.
दर शनिवारी सॉनाच्या बाहेरच्या खोलीत
तो म्हणायचा, फिर.
मी फिरायचे.
गोड बोलणं त्याला जमलं नाही कधी,
पण चष्मा मात्र पुसून घ्यायचा.

लोणी लाव, गुदमरून सुटेल, असं आई सांगायची.
मामा म्हणायचा, जळती काडी टेकव.
लोणी होतं. काडी होती.
हातच पोचत नव्हता, म्हणून वाचले.

अंगावर शर्ट उलटा चढवला, बटणं मागे,
आणि वायकेच्या दाराशी गेले.
सहा वर्षं आम्ही एकमेकींकडे पाठ फिरवून होतो.
तिने हद्दीवरचा बर्च पाडला तेव्हा
एन्देल अंथरुणाला खिळलेला,
आणि खिडकीतून त्याला तेवढंच झाड दिसायचं.
वायके म्हणजे आमच्या भाषेत शांत.
नावाला जागणारी बाई. एकदाही बोलली नाही त्यावर.

दारात म्हणाले, गोचीड आहे.
ती म्हणाली, दिव्याखाली बस.

चाळीस वर्षं गुरांच्या दवाखान्यात काढलेले हात,
टोकदार चिमटा, आधी स्पिरिटने पुसलेला.
लोण्याचं काढलं तर खेकसली:
चिडवशील त्याला, तर पोटातलं सगळं तुझ्यात ओकेल.
पोटाला धरायचं नाही.
कातडीला टेकून, तोंडापाशी धरायचं.
पिळायचं नाही. हिसका नाही.
सरळ वर, आणि घाई करायची नाही.

कातडी तंबूसारखी उचलली गेली.
बाहेर कुठेतरी क्रौंच ओरडत होते.
वायकेचा श्वास माझ्या मानेवर,
सूप प्यायली होती, बडीशेपेचा वास.
मग त्याने सोडलं.

तोंड आत राहिलं का?
नाही. अख्खा आहे. पाय हलवतोय मेला.

साबणाने धुतलं, गार पाण्याने,
माझ्या शर्टाच्या बाहीला टिपलं.
गोचिडाला चिकटपट्टीखाली दाबून
तिने तिच्याच कॅलेंडरवर लावला,
शनिवारच्या चौकटीत.
महिनाभर बघायचं, म्हणाली,
लाल कडं पसरायला लागलं, ताप आला, सांधे धरले,
तर थेट कार्डलाला, डॉक्टरकडे. थांबायचं नाही.

मी म्हणाले नाही की बघणार कोण.
ती चिमटा उकळायला ठेवत होती.
रविवारी ये, म्हणाली. दुपारनंतर.

पहिल्या रविवारी सुई टोचल्याएवढा ठिपका होता.
दुसऱ्या रविवारी तोही शोधावा लागला.
तिसऱ्या रविवारी पाऊस होता, तरी गेले.
बर्चबद्दल ती बोलली नाही,
मीही नाही. खुंट तसाच आहे,
बाजूने कोवळे चार-पाच फुटवे आलेत,
ते मात्र दोघींनी पाहिलेत.

आज महिना उलटून आठवडा झाला.
तीळ नाही, कडं नाही, ताप नाही.
जॅमची बरणी घेऊन तिच्या दाराशी उभी राहिले,
आणि तिने काही विचारायच्या आत
पाठ फिरवली.