व्हॅली व्ह्यू, फेज दोन

अक्कलकोट रोड सोडून आत वळलं
की रस्ता एकदम संपतो आणि पुढं खड्डा.
ऐंशी फूट खोल, काळाभोर, तळाला हिरवं पाणी.
बिल्डरनं काठाला जाळी मारली,
कमानीवर नाव टाकलं : व्हॅली व्ह्यू.
मी अजून खाणच म्हणतो.
सवय आहे.

सतरा नंबरच्या हत्तुरेबाईंचा फोन :
"ओ पेस्टवाले, तिसरा निघाला की हो.
आधी बाथरूमच्या जाळीत, मग चपलेत,
काल तर आद्याच्या दप्तराखाली.
झुरळांचं नंतर बघू. हे आधी बघा."

पाठीवर सोळा लिटरचा पंप,
वैशाख, त्रेचाळीस डिग्री,
मास्कच्या आत घामाचं तळं.
काम मी नीट करतो.
मुंग्यांना जेल. वाळवीसाठी भिंतीच्या पायाशी
वीतभर अंतरानं भोकं पाडून औषध.
"विंचवाला मात्र औषध लवकर लागत नाही, बाई.
त्याला फट लागते. फट बुजवा, तो जाईल."
"कुठं जाईल?" आद्यानं विचारलं.
पावतीपुस्तकात या प्रश्नाला रकाना नाही.

अंधार पडल्यावर जांभळा टॉर्च काढला.
या उजेडात विंचवाला लपता येत नाही,
हिरवट पेटतो,
जुन्या घड्याळातल्या रेडियमच्या काट्यासारखा.
कंपाउंडला दोन. पाण्याच्या मीटरमागं एक.
तिन्ही चिमट्यात धरले, बरणीत टाकले.
मग पोरीनं माझं मनगट धरून
टॉर्च जाळीपलीकडं वळवला.

उजेड पोचला तेवढ्या भिंतीवर
इथं एक, तिथं दोन,
सुरुंगाच्या भोकाच्या तोंडाशी एक,
खालच्या टप्प्यावर तर ओळच.
रात्रीच्या एसटीतून लांबचं गाव दिसावं तसं.
हत्तुरेबाई "अगं बाई" म्हणत मागं सरल्या.
मी मोजायला लागलो आणि थांबलो.
ती भोकं माझ्या ओळखीची निघाली.

तिम्मण्णा, माझा बाप,
कमरेला दोर बांधून याच भिंतीला लटकायचा.
दगड उलटला की खाली हा बसलेला,
नांगी वर करून.
बाप तरवडाच्या काडीनं त्याला बाजूला सारायचा,
म्हणायचा, "सरक बाबा. तुझं घर न्यायचंय."
आमच्यात विंचू मारत नव्हते असं नाही.
मारायचे. पण आधी सांगायचे.
बापाला दोनदा चावला,
दोन्हीदा दुसऱ्या दिवशी बाप घण घेऊन हजर,
हात सुजून भाकरीएवढा.

ट्रक भरून डबर शहरात जायचा.
कुठं रस्त्याखाली, कुठं कॉलेजच्या पायात,
आणि काही, मला वाटतं,
इथंच, या सतरा नंबरच्या भिंतीत.
म्हणजे भानगड काही नाही.
दगड घरात आला,
दगडामागं दगडाखालचा आला.
त्याच्यामागं पंप घेऊन मी.

हे बाईंना सांगितलं नाही.
त्यांनी सरबत दिलं, काचेच्या ग्लासात.
दोन विंचू त्यांच्यासमोर मारले,
बघितल्याशिवाय त्यांना झोप आली नसती.
पावतीवर लिहिलं : विंचू तीन.
रुपये आठशे. गॅरंटी नव्वद दिवस.

तिसरा बरणीतच होता.
बरणी शेंगाचटणीची, तिखटाचा वास अजून जात नाही.
जाळीला कुत्र्यांनी पाडलेलं भोक आहे,
तिथं आडवी धरली.
हलेना. काठावर बसून राहिला,
खाली बघत, की कुठं बघत कोण जाणे.
काडी शोधली.
तरवड आता इथं उगवत नाही, लॉन आहे.
"सरक बाबा" ओठापर्यंत आलं,
पण त्याच्या पुढचं काय म्हणायचं ते सुचेना.

खिशात पावतीचं पेन होतं.
त्यानंच सारला.