बेचाळीस अंश

पालिकेच्या खिडकीत वाल्बुर्गा बसलेली,
बेकरीवाल्या आलोइसची धाकटी.
हिच्या बाप्तिस्म्याला मी टेबलाखाली सापडलो होतो.
माझा नकाशा ती उलटा करून बघते,
सुलटा करून बघते.
"छप्पर कुठंय, गेबहार्टकाका?"
ही काय रेघ.
"रेघेला छप्पर म्हणत नाहीत."

चाळीस वर्षं या गावाची पाखं चढलो,
सरड्यासारखा, पोट कौलांना लावून.
एक गुडघा चर्चच्या आढ्यावर राहिला,
दुसरा कुठे, ते आठवत नाही.
आता माझ्यापुरत्या दोन खोल्या,
वर सपाट धाबं,
एक खुर्ची मावेल एवढं.
छपरावर उभं राहायचंय मला,
एकदा तरी, ताठ.

घर फिरलं की वासेही फिरतात म्हणे.
इथे वासे फिरेनात, म्हणून घर अडलंय.

वाल्बुर्गा वाचते:
पाखी दोन. आढं रस्त्याला समांतर.
उतार चाळीस ते पंचेचाळीस अंश.
कौलं लाल, चकाकणारी नकोत.
कारण बर्फ.
बर्फाचं मला सांगतेस, पोरी?
आल्गॉयचा बर्फ मी फावड्याने ओळखतो,
कुठला रात्री सरकणार, कुठला मार्चपर्यंत बसून राहणार.
धाब्यावरचा मी उपसेन!
कुणी केला हा नियम?

ती कागद माझ्याकडे वळवते.
काही बोलत नाही.
खाली सात सह्या.
चौथीला लांब शेपूट,
तसं मी तेव्हा काढायचो.

ओटमार.
खालच्या आळीतला, बाहेरून आलेला मास्तर.
त्याच्या घराला आम्ही बुटाचं खोकं म्हणायचो.
उन्हाळ्यात संध्याकाळी तो धाब्यावर बसे,
मांडीवर अर्धं कलिंगड, हातात चमचा,
बिया थेट रस्त्यावर.
आम्ही कामावरून परतताना माना वर, टोप्या खाली.
"या की वर," म्हणायचा.
एकदाही गेलो नाही.

बैठकीत आम्ही बर्फ म्हणालो,
परंपरा म्हणालो, गावाची शोभा म्हणालो.
कलिंगडाचं कुणी नाव काढलं नाही.

तो गेल्यावर नव्या मालकाने
त्या खोक्यावर उतरतं छप्पर घातलं.
घातलं म्हणजे मीच घातलं. पैसे रोख.

तर नवा नकाशा. बेचाळीस अंश.
अकराव्या दिवशी शिक्क्यासकट परत आला,
वाल्बुर्गाने कोपऱ्यात पेन्सिलीने
एक हसरं तोंड काढलंय, ते बहुतेक नियमात बसत नसावं.

रात्री चष्मा लावून सगळी कलमं वाचली.
सही करताना वाचली नव्हती.
शेवटून दुसरं कलम:
धुराडं झाडणाऱ्यास उभं राहण्यासाठी
धुराड्यालगत सपाट फळी
बंधनकारक.
मी तो शब्द मोठ्याने म्हणून पाहिला.
बंधनकारक.

कोरबिनियान झाडू घेऊन वर्षातून दोनदा येतो.
बाकीच्या दिवसांबद्दल कलमात काही नाही.
खुर्ची मावणार नाही, ठीक आहे.
दोन पावलं मावतील.

कोटाच्या खिशात कलिंगडाची फोड
कितपत टिकते, ते सकाळपासून बघतोय.
अस्तर गेलं कामातून.