ऱ्हस्व

प्रागहून क्राकोला जाणारी गाडी
आमच्याकडे चार मिनिटं थांबते.
डब्यातले लोक तेवढ्यापुरते डोळे उघडतात.
"कुठलं?"
"ऑस्त्रावा."
"अच्छा," म्हणतात, आणि पडदा ओढून घेतात.
मी स्टेशनच्या सामानघरात बसते, एकोणीस वर्षं झाली.
क्राकोला निघालेली बॅग मी नुसत्या वजनावरून ओळखते.
खास आमच्या गावासाठी भरलेली बॅग क्वचित येते,
आली तर तिच्यात आजारी मावशीसाठी लोकरीचे पायमोजे.

नाव खराब झालं ते काही उगीच नाही.
आई दोरीवर पांढरी चादर घालायची
आणि काढायची ती राखाडी.
जिच्याशी वर्षभर अबोला, ती शेजारीणसुद्धा
"धूर फिरला गं" एवढी हाक मारायचीच.
शहरातली शेवटची खाण बंद झाली तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते.
तेव्हापासून चादरी पांढऱ्याच निघतात.
पण धुराची बातमी एका दिवसात प्रागला पोचली होती,
धूर थांबल्याची
अजून वाटेत आहे.

शिवाय आमची बोली.
आम्ही दीर्घ स्वर उच्चारत नाही.
बाकीचा देश म्हणतो, यांची चोचच आखूड.
बाबा म्हणायचे, "खाली हवा मोजून मिळते,
स्वर कोण लांबवत बसणार?"
माझी राडाना प्रागला गेली
आणि पहिल्याच वर्षी सगळे स्वर लांब करून आली.
दूध मागताना, रागावताना,
मला हाक मारतानासुद्धा
शब्द तोच, पण मधे एक बंद खोली जास्त.

गेल्या फेब्रुवारीत बर्फानं रूळ अडले
आणि व्लास्ताबाई, राडानाच्या सासूबाई,
क्राकोला नवव्यांदा निघालेल्या,
माझ्या खिडकीसमोर उभ्या,
जशी काही गाडी मीच अडवली होती.
तीन तास होते.
बॅग ठेवून घेतली, पैसे घेतले नाहीत.
म्हटलं, चला, एमा दाखवते.
"एमा कोण?"
टेकडी. म्हणजे तशी टेकडीही नाही.
खाणीतून उपसलेला कचरा, वर्षानुवर्षं ओतलेला,
पोटात पेटला
तो विझायचं विसरला.

त्यांचे बूट घसरत होते. राजधानीतले बूट.
दोनदा "अजून किती" म्हणाल्या, चांगल्या लांबलचक स्वरात.
खाली सगळं पांढरं, नदी, जुन्या भट्ट्या, नगरभवनाचा मनोरा.
आणि माथ्यावर बर्फाचा कण नाही.
हिरवं गवत. वाफ.
एका भेगेपाशी त्यांनी हातमोजा काढला,
तळवा टेकवला
जसा तापलेल्या पोराच्या कपाळाला लावतो आपण,
आणि बराच वेळ उचलला नाही.
"इथं कुणी येत का नाही?"
उत्तर त्यांच्यापाशीच होतं, मी ते मागितलं नाही.
म्हटलं, "चारच मिनिटं थांबते हो गाडी."

खरं सांगू? उतरताना मला भीती वाटली.
आता ही बाई घरोघर सांगणार,
मग लोक येणार, वाटेला कठडे, माथ्यावर कॉफीचं दुकान,
एमाच्या अंगावर पाटी :
कृपया गवताला हात लावू नये.
कुणी बघत नाही म्हणून जे आपलं राहतं
तेही जाणार.
इतकी वर्षं ज्याची तक्रार केली
ते हातचं सुटतंय म्हणून मी कासावीस.

भीती फुकट गेली.
रविवारी राडानाचा फोन :
"सासूबाई म्हणतात, तुमच्याकडे सूप चांगलं मिळतं."
"आणि एमा?"
"तिच्याबद्दल काही बोलल्या नाहीत.
फक्त हातमोजा एकच घेऊन आल्यात."
मागं बाळ रडायला लागलं.
त्याला उचलताना ती काहीतरी पुटपुटली,
आखूड, चोचीतून निसटल्यासारखं,
माझ्या बाबांच्या मापाचं.
मी ऐकलंच नाही असं दाखवलं.