नऊ सेंटीमीटर पाणी

मशीन जुनं घेतलं. पस्तीस रियाल,
सोहारच्या सूकमागे, एका दुकानात
मिक्सर आणि इस्त्र्यांच्या मधे पडलेलं.
कुणाचं होतं विचारलं, तर दुकानदार म्हणाला, तो गेला.
गेला म्हणजे गावी गेला, की तसा गेला,
मी खोदून विचारलं नाही.
आपल्याकडेही हा शब्द दोन्ही दारांनी बाहेर पडतो.

नळी नवी आणली, मास्क नवा.
पहिल्या रात्री नाकात असा वारा घुसला
की गाल फुगले, ओठांच्या कडेने फर्र हवा सुटली,
आणि पलीकडच्या खाटेवरून बशीर
झोपेतच म्हणाला, दार लाव.

आत अजून त्या माणसाचंच प्रेशर होतं. चौदा.
माझ्या कागदावर डॉक्टरीणबाईंनी लिहिलंय,
आठ ते दहा, बघून ठरवा.
ठरवून द्यायचे क्लिनिकवाले चाळीस रियाल मागतात,
मशीनपेक्षा पाच जास्त.

म्हणून रात्री दीड वाजता
दोन बटणं एकदम दाबून धरलीत
मोबाइलच्या उजेडात, चोरासारखी.

दिवसभर दुसरं काय करतो मी?
प्लांटवर समुद्र पडद्यातून ढकलायचा.
साठ बार. काटा एकसष्टला टेकला
की वॉल्व्ह अर्धा आटा मागे.
मीठ इकडे, पाणी तिकडे.
बावीस वर्षं झाली, हाताला आटे पाठ आहेत.
घशाला मात्र गेज नाही बसवलेलं कुणी.

इथलं माप गमतीचं आहे. सेंटीमीटर पाणी.
चौदा म्हणजे, चौदा सेंटीमीटर उंच पाणी
तळाला जेवढं दाबेल, तेवढं.
मी पट्टी लावून घरून आणलेलं फुलपात्र मोजलं.
नऊ भरलं.

सुलभाने मागच्या सुट्टीत मोजलं होतं, वेगळंच.
घड्याळ घेऊन उशाशी बसली होती रात्रभर.
सकाळी म्हणाली, घोरता त्याचं काही नाही हो,
मधेच थांबता, त्याचं आहे.
एकदा सदतीस सेकंद.
त्या सदतीस सेकंदांत तिने काय केलं
ते सांगितलं नाही.
चहात साखर दोनदा पडली होती.

तेरा. बारा.
प्रत्येक वेळी आडवं व्हायचं, तोंड मिटायचं,
दहा श्वास मोजायचे, पुन्हा उठून बसायचं.
अकरावर नळी गुळगुळायला लागली.
एसी अठरावर, बाहेर ऑगस्ट,
खिडकीच्या काचेला बाहेरून घाम.
नळीवर जुना पायमोजा चढवला, टाच कापून.
दहा. बरं होतं, पण कुणीतरी
पाठीत हात घालून चालवत नेतंय असं वाटत राहिलं.

नऊ.

नऊवर काहीच झालं नाही.
वारा आला, वारा गेला,
मी मधे आलो नाही.

त्याच यादीत एक ओळ खाली होतं, एकूण तास: ९८४१.
त्याचे.
रात्रीला सहा धरले तरी साडेचार वर्षं.
चौदा लागायचे म्हणजे मान जाड असणार,
किंवा कुशीवर झोपायची सवय नसेल.
मशीन उलटं केलं. तळाला पेनाने लिहिलंय, रूम १२.
बस एवढंच. गावाचं नाव असतं तर
निदान कुठल्या दिशेला गेला ते कळलं असतं.

तासांच्या पुढे मशीन विचारतं, शून्य करू?
हो. नाही.
पाणी शुद्ध करणाऱ्याला खरं तर हे सोपं जायला हवं,
आधीचं सगळं धुऊन पुढे जायचं, रोजचंच काम.
बोट जरा वेळ तसंच राहिलं.

नाही.

मोबाइल विझवला. बशीरने कूस बदलली.
काय रे, आवाज का नाही तुझा?
चालू आहे, म्हटलं. झोप.

उठल्यावर आधी तेच पाहिलं.
नऊ हजार आठशे सेहेचाळीस.
वरचे पाच माझे.