कुडी

चिठ्ठीवर पत्ता : वडगाव, कन्नड शाळेमागची खोली.
दोनदा पुढं निघून गेलो.
तिसऱ्यांदा पंक्चरवाल्यानं विचारलं,
‘काय हुडकूलालासा?’
‘एका माणसाला,’ म्हटलं.
त्यानं पान्यानंच दार दाखवलं.

आत तिसरीचे बाक. गुडघे मावेनात.
फळ्यावर सकाळचा पट : एकतीस, हजर सव्वीस.
आम्ही सातजण,
आणि मागासारखा खडखडणारा पंखा.

गुरसिद्दाप्पा उठला, कन्नडात बोलला.
मला बाजारापुरतं येतं :
भाव, सुट्टे, उद्या.
त्यातलं उद्या तेवढं सापडलं,
नाळे, नाळे,
दर चार शब्दांनी.
मीही बायकोला हेच म्हणायचो, मराठीत,
तिच्या डोळ्यांकडं न बघता.

आणखी एक शब्द : कुडि.
त्यांच्यात कुडि म्हणजे पी.
आपल्यात कुडी
म्हणजे हे एवढंच,
शर्टाच्या आत थरथरतंय ते.

माझी पाळी आली.
‘भरमू कणबरकर,’ म्हटलं
आणि धागा तुटला.
कुणी घाई केली नाही.
कुणीतरी चहाचा कप
माझ्या हातात नाही, बाकावर ठेवला,
हात बघून.

निघताना गुरसिद्दाप्पा कप विसळत होता.
‘मंगळवारी बर्री,’ म्हणाला.
तोंडाशी आलेलं नाळे
मी कोरडंच गिळलं.